बाटलीवरची तिसरी ओळ

आबा, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं तुम्ही काढलीत, तुम्हीच बोला." मी बोलले. आबा प्रामाणिक होते. वालावलहून पहिल्या एसटीने येऊन शाळेचं कुलूप तेच काढायचे. मुलांवर त्यांचा जीव होता. प्रयोगशाळेतली काच त्यांच्या हातून कधी फुटली नाही. चार वाक्यं, चारही खरी. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना वाटलं मला रडू येतंय. मला लाज वाटत होती, कारण पाचवं वाक्य मी पुन्हा एकदा गिळलं होतं.

एकोणीस वर्षं ते गिळते आहे. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मला या एका गोष्टीची झाली नाही, कारण तुम्ही होऊ दिली नाहीत.

मी शाळेत आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. शिक्षणसेवक. तीन वर्षं काम चांगलं दिसलं तर कायम, नाहीतर कणकवलीला परत आईच्या स्वयंपाकघरात. रसायनशास्त्रात पहिला वर्ग होता आणि तोंड त्याहून वरच्या वर्गातलं. घरी माका-तुका बोलणारी मी, शाळेच्या फाटकातून आत आले की पुस्तकासारखं बोलायचे. तुम्ही कागदोपत्री परिचर होतात. शिक्षण दहावीपर्यंत. पण मुख्याध्यापकांपासून सगळे, काही सापडलं नाही की तुम्हालाच हाक मारायचे. त्या वर्षी तुमचं नाव प्रयोगशाळा सहायक पदासाठी गेलं होतं. कागद तयार होते, नुसत्या सह्या राहिल्या होत्या.

आणि तुमचं ते कपाट! पहिल्या दिवशी उघडून बघितलं तर मला हसूच आलं. ना अकारविल्हे, ना सूत्रांप्रमाणे. मी विचारलं, हे कसं लावलंय? तुम्ही गंभीरपणे एकेका खणावर बोट ठेवून सांगितलंत, "ही चावणारी. ही रडवणारी. ही पाणी पिणारी, ह्येंका पावसात उघडूचां नाय. आणि ही गरीब." गरीब म्हणजे मीठ, साखर, खडू, तुरटी. चावणारी म्हणजे आम्लं, आणि रडवणारा अमोनिया त्यांच्यापासून चार हात लांब, खिडकीपाशी, एकटा. प्रत्येक बाटलीवर तुमच्या गोल अक्षरातली चिठ्ठी, तिच्यावर तीन ओळी: नाव, तारीख, भरणारा. तिसऱ्या ओळीची काय गरज म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "बाटलीत काय आसा ता बाटली सांगणा नाय, बाई. जेणा भरल्यान तोच सांगतलो." सगळ्या बाटल्यांवर तिसऱ्या ओळीत एकच अक्षर होतं, 'आ'.

जूनमध्ये तपासणी होती. अधिकारी येणार, प्रयोगशाळा बघणार, आणि मला नाव काढायचं होतं. 'द्रव्याचे वर्गीकरण' हा नववीचा धडा मी कपाटातच मांडायचं ठरवलं. वरचा खण मूलद्रव्यं, मधला संयुगं, खालचा मिश्रणं, प्रत्येकाला रंगीत पट्टी. मे महिन्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. यादी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि दोन बाटल्या उचलून माझ्यासमोर धरल्यात. एकीत हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत अमोनियाचं द्रावण.

"ह्यो दोनव शेजारी ठेवू नकात. त्यो भांडतत."

"आबा, दोन्ही पाण्यातली द्रावणं आहेत. समांगी मिश्रणं. पुस्तकाप्रमाणे दोघांची जागा एकच."

"पुस्तकात तेंका वास येणा नाय, बाई."

यावर हसायला हवं होतं. मी म्हटलं, "मी सांगितलंय तेवढं करा." किती सरळ वाक्य आहे. आजही मला ते माझ्याच आवाजात ऐकू येतं, आणि त्यातला 'मी' जरा जास्तच मोठा ऐकू येतो. तुम्ही यादीप्रमाणे कपाट लावलंत, खिडक्या बंद केल्यात आणि शेतीच्या कामाला गावी गेलात.

सव्वा महिना ती खोली बंद होती. समुद्रावरचं ऊन, कौलं तापलेली. काचेची बुचं कितीही घट्ट बसवली तरी अशा उकाड्यात वाफ वाट काढतेच, आणि त्या दोघांच्या वाफा भेटल्या की पांढरा धूर होतो. हे मी सातवी-आठवीच्या मुलांना करून दाखवत होते, आबा. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. शाळा उघडली त्या सकाळी तुम्ही कपाटाची दारं उघडलीत आणि बाजूला झालात. प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक फळीवर पांढरा थर. त्याने दमट हवेतलं पाणी ओढून घेतलेलं, चिठ्ठ्या सुटून खाली पडलेल्या, उरलेल्यांवरची शाई पुसट होऊन एकमेकींत मिसळलेली. तराजूची वजनं गंजली होती. त्रेचाळीस बाटल्या, आणि कुठल्या बाटलीत काय, हे सांगणारं एक अक्षर शिल्लक नव्हतं. तपासणीला सहा दिवस उरले होते.

मुख्याध्यापकांनी आपल्या दोघांना आत बोलावलं. आताचे नव्हेत, तेव्हाचे. "कपाट कोणी लावलं?"

"मीच लावलं, सर," तुम्ही म्हणालात. ऑफिसात गेलं की तुम्ही शुद्ध बोलायचात. आणि ते खरंच होतं, हात तुमचेच होते. एवढ्यावर मी गप्प बसले असते तरी पाप अर्धं राहिलं असतं. पण सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मला माझी तीन वर्षं दिसली, कणकवलीचं स्वयंपाकघर दिसलं. मी म्हटलं, "बुचं नीट बसवली गेली नसतील, सर. शिवाय समुद्राची खारी हवा."

तुम्ही माझ्याकडे मान वळवून बघितलंतसुद्धा नाही. सरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला मेमो मिळाला आणि सेवापुस्तिकेत शेरा पडला: कामात हलगर्जीपणा. सहायक पदाचे कागद सह्यांवाचून परत आले. पुन्हा कधी गेलेच नाहीत. तुम्ही परिचर म्हणून आला होतात, परिचर म्हणूनच गेलात.

आणि त्याच संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, तुम्ही माझ्याबरोबर बाटल्या ओळखायला बसलात! ते पाच दिवस मी विसरू शकत नाही. मी ज्योतीवर, कागदावर, नळीत परीक्षा करायचे, आणि तुम्ही नुसती बाटली हलवून, उजेडाला धरून, हुंगून सांगायचात. मी ओरडायचे, "आबा, नाक लावू नका, हाताने वारा घ्या." तुम्ही थोडा वेळ वारा घ्यायचात आणि मग हळूच नाक लावायचात. रात्री खोकला यायचा म्हणे. तुमच्या घरी वहिनींनी परवा सांगितलं. तुमचा पुढचा दमा त्या पाच दिवसांतून आला की गावच्या शेणी-लाकडांच्या धुरातून, डॉक्टरांना सांगता आलं नाही. मलाही सांगता येणार नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळखल्या आपण. तुम्ही रात्री घरी बसून नव्या चिठ्ठ्या लिहून आणल्यात, तीन-तीन ओळींच्या.

शेवटच्या दिवशी तुम्ही दाढीच्या पात्याने बाटल्यांवरचा पांढरा थर खरवडून एका रिकाम्या बाटलीत भरलात. मग खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढलीत. बोटाच्या टोकावर चुना घेऊन तळहाताला लावलात, त्यावर चिमूटभर पांढरं टाकून अंगठ्याने मळलंत आणि तळहात माझ्यापुढे धरलात.

"वास बघा, बाई."

अमोनियाचा वास हातभर अंतरावरून येत होता. मी म्हटलं, "मला सर्दी झालीय. काही कळत नाही."

तुम्ही हात धुतलात. "मगे ह्या खंय ठेवू? मूलद्रव्यात, संयुगात, काय मिश्रणात?"

"समुद्राचं मीठ आहे ते. मिश्रणात ठेवा."

तुम्ही बाटलीला चिठ्ठी लावलीत. नावाची ओळ कोरी, मध्ये तारीख, तिसरी ओळ कोरी. तुम्ही स्वतःच्या हाताने भरलेली आणि तुमचं 'आ' नसलेली सगळ्या कपाटात ती एकच बाटली होती.

कपाट पुन्हा तुमच्या पद्धतीने लागलं. चावणारी इकडे, रडवणारा खिडकीपाशी. फक्त सगळ्यात खालचा खण तुम्ही माझ्यासाठी पुस्तकाप्रमाणे ठेवलात. त्यात सगळी गरीब मंडळी, एकमेकांशी न भांडणारी. मी मागितलं नव्हतं. त्यातल्या मिश्रणांच्या रांगेत ती बाटली बसली.

पुढच्या वर्षी नववीला तो धडा आला, तुम्ही ट्रे मांडून टेबलावर आणलात. गंधक, लोखंडाचा कीस, साखर, तुरटी, पितळेचा पेला, वाळू घातलेलं मीठ. आणि कडेला ती बाटली. मी ती उचलून खिडकीत ठेवली आणि शिकवायला लागले. तास संपल्यावर तुम्ही ती परत कपाटात नेलीत. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्याही पुढच्या. मी कायम झाले, माझं लग्न झालं, मी वर्षभर रजेवर होते तेव्हा दुसऱ्या बाईंच्या ट्रेवर ती नव्हती, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. ती फक्त माझ्यासाठी यायची. तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत आणि मीही बोलले नाही. लोकांची भांडणं तोंडाने होतात, आपलं एक बाटली ठेवायची आणि एक बाटली उचलायची, एवढ्यावर अठरा वर्षं चाललं.

बाकी बोलणं कुठे कमी होतं? पितळ हे मिश्रण आहे हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. "तांब्यो फोडून बघलंय मी. आत तांबा येगळा आणि जस्त येगळा खंय दिसता?" दूध एकजीव दिसतं पण पुस्तकाप्रमाणे विषमांगी आहे, हे सांगितलं तेव्हा तुम्ही खूश झालात. "माणसासारखा आसा म्हणा." माझ्या मनगटावर आम्ल उडालं तेव्हा मी किंचाळत उभी, आणि तुम्ही मला नळाखाली ओढून वीस मिनिटं हात धरून ठेवलात, घड्याळाकडे बघत. डाग राहिला नाही. माझे वडील गेले तेव्हा मी रजेवरून आले तर माझ्या टेबलावर महिन्याच्या सगळ्या प्रयोगवह्या तपासायच्या क्रमाने लावून ठेवलेल्या. तुमचं उपकाराचं खातं असं गुपचूप वाढत गेलं आणि मला दर वेळी आणखी राग यायचा. हो, राग. तुम्ही एकदा तरी आरडाओरडा करायला हवा होता, आबा. मला उलट बोलता आलं असतं.

दसऱ्याला तुम्ही कपाटापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचात. मुलं त्या दिवसाची वाट बघायची. "बा कपाटातल्या म्हाराजा, आज वर्साचो दसरो. ही लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. कोणाच्या डोळ्यांत अ‍ॅसिड उडू नको, कोणाचो हात भाजू नको. जां काय फुटतलां तां रिकामां आसतानाच फुटू दे!" मुलं छत उडेल अशी ओरडायची, "व्हय म्हाराजा!" त्या मेमोच्या वर्षापासून तुम्ही शेवटी एक ओळ वाढवलीत. "आणि कोणाकडसून जाणतेपणी अजाणतेपणी चूक झाली आसात, तर ती तेंच्याच तोंडातसून भायर येव दे, आणि तू पोटात घाल." व्हय म्हाराजा. सगळे म्हणायचे. मी तेव्हा पितळेच्या पेल्यातली फुलं सारखी करत असायचे.

यंदा शाळा सुरू झाली आणि तुम्ही दवाखान्यात. मी आले तेव्हा नाकाला नळी होती, शब्दाशब्दाला थांबत होतात. मी उगाच पावसाचं, एसटीचं काहीबाही बोलत राहिले. तुम्ही विचारलंत, "नववीचो तो धडो झालो?"

"नाही अजून. पुढच्या आठवड्यात."

"ट्रे कोण लावतलो?"

"मी लावीन."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "सगळां लावा, बाई."

मी मान हलवली. मिटलेल्या डोळ्यांना ती दिसली नसणार. तोंडाने 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? खोलीत आपण दोघंच होतो, वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. याहून चांगली वेळ मला कोण देणार होतं? मी तुमच्या पायांवरची चादर सारखी केली आणि "येते हं उद्या" म्हणून उठले. त्या 'उद्या'च्या सकाळी फोन आला.

अकराव्या दिवशी वालावलला गेले. तळ्याकडून वर चढताना ठरवलं होतं, वहिनींना सगळं सांगायचं. त्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसले, "वहिनी, त्या मेमोचं..." एवढंच बोलले. त्यांनी हाताने थांबवलं.

"माका म्हायत आसा, बाई. तेंनी त्याच दिसा येवन सांगितल्यानी. मी लय चिडलंय. म्हटलंय, जावन सांगा सरांका. तर म्हणाले, बाई नयी आसा, तिची नोकरी जायत. ती आपणच सांगतली एक दिवस." वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "दर वर्साक शाळा सुरू झाली काय मी तेंका इचारतंय, 'सांगल्यान काय बाईन?' आणि ते म्हणतत, 'औंदा नाय. फुडच्या वर्साक.'"

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं, सहीनिशी. आताच्या मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, सेवापुस्तिका पेन्शनच्या प्रस्तावाबरोबर वर गेली. तिच्यातला शेरा आता कोण खोडणार? आणि खोडला तरी गेलेल्या माणसाला पद देता येत नाही." वाईट माणूस नाही तो. खरं तेच बोलला. माझा कागद त्याने फाइलीला लावला, आणि फाइल कपाटात गेली. एकोणीस वर्षांपूर्वी याच खोलीत माझं एक वाक्य पुरलं असतं. आता दोन पानं लिहिली तरी ती कशाच्याच कामाची नाहीत.

काल नववीचा तास होता. ट्रे मी लावला. तुमच्या खणातून तुमचीच डबी काढली, चुना सुकून कडक झाला होता, त्यावर दोन थेंब पाणी टाकलं. मग मिश्रणांच्या रांगेतून ती बाटली काढून ट्रेच्या कडेला नाही, मध्ये ठेवली.

मुलांना विचारलं, हे काय असेल? पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मीठ, बाई." मी म्हटलं, एकोणीस वर्षं मीही तेच सांगत आले. तळहाताला चुना लावला, गोठलेला खडा फोडून चिमूटभर त्यावर टाकला आणि तुम्ही मळायचात तसा अंगठ्याने मळला. वास टाळूपर्यंत गेला. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. तळहात उघडा धरून बाकांमधून फिरले. मागून कुणीतरी म्हणालं, "मुतारीसारखो वास येता!" वर्ग हसला. मी म्हटलं, बरोबर, अमोनियाच आहे. हा नवसागर. मीठ नाही, मिश्रणही नाही. हे संयुग. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या म्हणून तयार झालं. शेजारी ठेवायला मी सांगितलं होतं. आबा नको म्हणाले होते. आणि ठपका आबांवर आला, कारण मी सरांसमोर खोटं बोलले.

पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीने विचारलं, "आबांक म्हायत होतां, बाई?"

"हो."

"मगे ते बोलाक कित्या नाय?"

तास संपल्याची घंटा झाली. ती वाजवायला आता दुसरा माणूस आहे. तुमच्यापेक्षा दोन टोले जास्त मारतो.

मुलं गेल्यावर मी बाटली पुढ्यात घेऊन बसले. चिठ्ठी पिवळी पडली आहे, पण कोपरे सुटलेले नाहीत. तुमची खळ पक्की. पहिल्या ओळीत लिहिलं: नवसागर. दुसऱ्या ओळीत तुमच्या अक्षरातली तारीख होतीच. तिसऱ्या ओळीवर पेन टेकवलं. भरणाऱ्याच्या जागी माझं नाव. एक अक्षर नाही, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. फुंकर मारली नाही. अक्षर पसरतं म्हणून तुम्ही मारू देत नव्हतात. शाई वाळेपर्यंत बसले, मग बाटली संयुगांच्या रांगेत ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

औंदा सांगलंय, आबा.